पावलं मोजणाऱ्या मॅडम

माझ्या बसमध्ये मॅडम आजवर एकदाही चढलेल्या नाहीत. भंडारा-तुमसर रस्त्यावर मी कंडक्टर आहे, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तरी मोहाडीच्या अलीकडे त्या मला दिसतात. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, ओठ हलवत चाललेल्या असतात. आमचे ड्रायव्हर काका बस हळू करतात, मी दारातून हात दाखवते, मॅडम दोन बोटं हलवून ‘जा’ म्हणतात. काका मला दर वेळी विचारतात, “तुमच्या मॅडम पैदलच जन्मल्या का वं?”

लोकांना वाटतं, यामागे त्यांचं काही मोठं तत्त्व असेल. तसं काही नाही. त्यांना बस लागते. मोहाडीहून भंडाऱ्यापर्यंतही पोटात काही टिकत नाही, म्हणून त्या चालतात, आणि ओझं असलं तर सायकल घेतात. तत्त्वं त्यांच्याकडे पुष्कळ होती, पण ती वेगळ्या ठिकाणी होती.

ओठ हलतात ते मात्र देवाचं नाव घेण्यासाठी नाही. मॅडम पावलं मोजतात. आमच्या शाळेत त्या अकरावी-बारावीला भूगोल शिकवायच्या. मुख्याध्यापकांच्या खोलीपासून हापशीपर्यंत एकशे बारा पावलं, हापशीपासून मुलींच्या संडासापर्यंत साठ, आणि शाळेच्या फाटकापासून आठवडी बाजारातल्या मिरचीवालीपर्यंत किती तेही त्यांना पाठ होतं. नेसायला साधी सुती साडी, आणि पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट त्या खडूने पांढरे करायच्या. प्रत्येक तासाला उरलेले खडूचे तुकडे उचलून एका डब्यात टाकायच्या, त्यामुळे मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, मॅडम फळ्यापेक्षा बुटावर जास्त शिकवतात.

त्यांचा नकाशाचा तास ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटणार नाही. महाराष्ट्राचा नकाशा नंतर, आधी शाळेपासून आपल्या घरापर्यंतचा काढा, असं म्हणायच्या. आम्ही काढायचो. मग रविवारी त्या एकेकाचा नकाशा हातात घेऊन, कोणाला एका शब्दाने न विचारता, त्या रेघांवरून घर शोधायला निघायच्या. घर सापडलं तर दहापैकी दहा, नाही सापडलं तर भोपळा. एका पोराने डावं-उजवं चुकवलं होतं. सोमवारी वर्गात त्याला मॅडम म्हणाल्या, “तुह्या नकाशानं मी दुसऱ्याच्या गोठ्यात पोचली. म्हैस चांगली आहे, पण तुह्या मायशी भेट नाही झाली.”

अशा बाईंकडे ती पुरस्कार योजना आली हे योग्यच झालं, पण आली ती अपघातानेच. नागपूरहून शाळेला पत्र आलं होतं. अभ्यासाच्या बाहेर मुलांनी काही करावं, म्हणून एक कार्यक्रम होता. त्यात चार गोष्टी करायच्या: कोणाची तरी सेवा, एखादं कौशल्य, एखादा खेळ, आणि शेवटी दोन दिवसांची पायी भ्रमंती. सगळं वहीत लिहायचं, शाळेतल्या जबाबदार शिक्षकाने सही करायची, आणि पूर्ण झालं की कांस्यपदक. मुख्याध्यापकांनी बैठकीत विचारलं, जबाबदारी कोण घेतं? सगळे शिक्षक पंख्याकडे बघू लागले. मॅडम त्या वेळी बुटाची नाडी बांधायला वाकल्या होत्या. मुख्याध्यापकांना वाटलं, यांनी मान हलवली. ही गोष्ट त्या स्वतःच हसत सांगायच्या.

पालकांच्या सभेत माझ्या बाबांनी विचारलं, “याच्यानं मार्क वाढतात का, मॅडम?”

“नाही.”

“नोकरीले चालते?”

“माहीत नाही.”

“मंग कायले करावं पोरीनं?”

“आपल्याले काय येते ते तिले तरी माहीत पडंल,” मॅडम म्हणाल्या. बाबांना हे उत्तर फारसं पटलं नाही, पण पदक मिळतं हे कळल्यावर त्यांनी घरी येऊन भिंतीत एक खिळा ठोकला. त्या भिंतीवर माझ्या दादाची प्रशस्तिपत्रं ओळीने टांगलेली होती. निबंध, विज्ञान, स्कॉलरशिप, पाठांतर. माझं एकही नव्हतं. दहावीला मी काठावर पास झाले होते, आणि घरात ते सगळ्यांनी इतक्या समजूतदारपणे घेतलं होतं की मला रडायलाही जागा उरली नव्हती.  त्या दिवसापासून मी येता-जाता तो रिकामा खिळा बघायची. योजनेत मी नाव दिलं होतं ते शेवटच्या तासाला वर्गाबाहेर पडायला मिळतं म्हणून, हे मी कोणाला सांगितलं नाही.

कौशल्य म्हणून बाकीच्या मुलींनी मेंदी घेतली, शिवण घेतलं. मी पंक्चर काढणं घेतलं. बसस्टँडजवळ एक चाचा पंक्चरचं दुकान चालवायचे, त्यांच्याकडे शाळा सुटल्यावर जायची. आईने दोन दिवस तोंड फुगवलं. पण मला त्या कामात असा काही रस आला की सांगता सोय नाही. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, तिथे बोट ठेवायचं. शाळेतल्या कोणत्याच विषयात चूक नेमकी कुठे आहे हे मला इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

तीन महिन्यांनी मॅडम दुकानात आल्या. त्यांची पद्धतच तशी होती. वहीत आम्ही काय लिहिलंय याबद्दल त्या आम्हाला कधीच काही विचारायच्या नाहीत, ज्याच्याकडे काम केलं त्याच्याकडे जायच्या. चाचांना म्हणाल्या, “कशी आहे?”

“लडकी अच्छी है, मॅडम. पण ट्यूबले घासते लई. चमडी निकाल देती है.”

मॅडमनी पदराच्या गाठीतून बाभळीचा काटा काढला, दुकानासमोरच उभ्या केलेल्या स्वतःच्या सायकलच्या मागच्या चाकात शांतपणे खुपसला, आणि मला म्हणाल्या, “काढ.” मग स्टुलावर बसून राहिल्या. मी पंक्चर काढलं. चाक फुगवलं. मॅडम सायकल घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी हवा टिकली आहे हे बघून मगच सही केली. तेव्हापासून त्या मला ‘पंक्चरवाली’ म्हणायला लागल्या, आणि आजही तेच म्हणतात.

सेवेच्या बाबतीत मात्र माझं घोडं अडलं. मी वहीत झोकात लिहिलं होतं की शेजारच्या काकूंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाच दिवस रोवणा केला, रोपं लावली, एक पैसा घेतला नाही. मॅडम घरी आल्या, आईशेजारी ओट्यावर बसल्या, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “अन् मंग तुमच्या रोवण्याले त्या आल्या का?”

“आल्या ना,” आई अभिमानाने म्हणाली. “पाचही दिवस आल्या. माणसं चांगली आहेत.”

मॅडमनी माझी वही उघडली आणि ते पाच दिवस आडव्या रेघेने कापून टाकले. आई म्हणाली, “रोवण्यात कोण कोणाचं फुकट करते, मॅडम? आज मी गेली, उद्या ती येते. असंच तर चालते.”

“म्हणून तर,” मॅडम म्हणाल्या. “हे सेवा नाही झाली. हे रोवणा झाला.”

मी चिडून विचारलं, “मंग सेवा करू कोणाची? गावात तर सगळ्याचंच परत येते.”

मॅडम वही मिटून निघाल्या.  तिसऱ्या दिवशी पटांगणात मला थांबवून म्हणाल्या, “ज्याच्याच्यानं परत करणं होणार नाही, असा माणूस शोध.” असा माणूस म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची आजी. एकटी, गुडघे गेलेले, आणि जीभ मिरचीची. मी रोज तिचं पाणी भरायला लागले. ती मला रोज ऐकवायची, “मास्तरनीनं पाठवली म्हणून आली. नाही तर आली असती का?”  मॅडम चौकशीला गेल्या तेव्हा आजीने सांगितलं की पोरगी रोज येते, पण बादली अर्धीच भरते. मॅडमनी वहीत शेरा लिहिला: ‘नियमित. बादली अर्धी.’ तो शेरा वाचून दादा आठ दिवस हसत होता.

आता भ्रमंतीचं सांगते, कारण मॅडम म्हटलं की मला ती आठवते.

जानेवारी होता. धान निघून गेलं होतं, बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य हिरवंगार पसरलं होतं. आम्ही पाच मुली मोहाडीहून निघून आडवाटेने शहापूरपर्यंत जाणार होतो. मोठ्या रस्त्याला लागायचं नाही, आपलं ओझं आपण उचलायचं, स्वयंपाक आपला आपण करायचा, आणि कोणत्याही गाडीत बसायचं नाही. मुक्काम वाटेतल्या एका गावच्या शाळेत, तिथल्या अंगणवाडीच्या ताई सोबतीला. पोरींना असं पाठवायला घरचे तयार होईनात, तेव्हा मॅडमनी माझ्या आईला आणि प्रणालीच्या आईला बरोबर घेऊन तो सगळा रस्ता आधी पायी चालून दाखवला होता. आई दोन दिवस पाय शेकत होती, पण परवानगी मिळाली.

प्रणाली आमच्या गटाची प्रमुख. वर्गात पहिली, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे भ्रमंतीची नोंदवही तिच्याकडे. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माझ्या मामाच्या गावाच्या बोडीजवळून, म्हणजे लहान तळ्याजवळून, जात होतो. पुढे तीन किलोमीटरवर मोठ्या तलावाची पाळ, तिथे मॅडम आमची वाट बघत बसणार होत्या. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत धानाची तणीस, म्हणजे वाळलेला पेंढा, भरलेली, आणि चालवायला खुद्द मामा.

मामाने मला ओळखलं, ट्रॅक्टर थांबवला, उडी मारून खाली उतरला आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला. आमच्याकडे भाचीच्या पाया पडतात. भाची म्हणजे मामाच्या घरची देवीच, मग ती दहावीला काठावर का पास होईना.

“कुठं चालल्या, भाचीबाई?”

“शहापूरले, मामाजी.”

“पैदल?” मामाने माझ्या पाठीवरचं ओझं बघितलं, आणि त्याचा चेहराच उतरला. “माह्या गावावरून माही भाची पाठीवर बोजा घेऊन पैदल जाऊन राहिली? लोकं काय म्हणतील मले?”

मी समजावलं की हा शाळेचा कार्यक्रम आहे, पायीच जायचं असतं, गाडीत बसलं तर पदक जातं. मामाने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “रागावली का तू माह्यावर? आमच्या घरच्या लग्नात तुह्या मायले साडी हलकी झाली, त्याचा राग आहे का?”

“नाही, मामाजी.”

“मंग बस.” आणि परत वाकला.

आता दुसऱ्यांदा पाया पडणाऱ्या मामाला काय सांगायचं? नाही म्हटलं असतं तर त्याने ते वर्षभर मनात ठेवलं असतं, आणि आईच्या माहेरी त्याचं पार महाभारत झालं असतं. मी मैत्रिणींकडे बघितलं. त्यांनाही सगळ्यांना मामा होतेच. आम्ही पाचही जणी तणशीवर चढून बसलो. खरं सांगायचं तर दुखऱ्या पायांना फार बरं वाटलं. पाळीच्या थोडं अलीकडे उतरून घेतलं, आणि तिथून चालत गेलो.

मॅडम पाळीवर बसल्या होत्या. आम्हाला बघून घड्याळात बघितलं. मग आमच्या डोक्यांकडे. माझ्या वेणीत तणशीची काडी अडकली होती, ती मला नंतर घरी सापडली. मॅडम एवढंच म्हणाल्या, “आल्या का. पाणी प्या.”

पुढे शहापूरपर्यंत आम्ही चाललो, बसने परत आलो; मॅडम अर्थातच सायकलने. प्रणालीने नोंदवहीत त्या भागाबद्दल लिहिलं, ‘मामाच्या गावाहून निघून निसर्गाचा आनंद घेत आम्ही पायी तलावावर पोहोचलो.’ खाली पाचही जणींनी सह्या केल्या. मॅडमनी नोंदवही घेतली, चाळली, आणि आपली सही न करता कपाटात ठेवली.

खाई त्याला खवखवे. मॅडम काही विचारीनात. रोज वर्गात यायच्या, नद्या शिकवायच्या, जायच्या. महिनाअखेरीला सगळ्या वह्या नागपूरला जायच्या होत्या. आमची जाणार की नाही, मॅडमना कळलंय की नाही, काहीच पत्ता नाही. आम्ही पाण्याच्या टाकीमागे जमलो. प्रणाली म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकीचं सगळं तर चाललोच ना आपण? तीन किलोमीटरनं काय होते?” तिचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. एवढे कष्ट केले होते आम्ही. फोड आलेले पाय होते.

पण मला जेवण जाईना. घरात शिरलं की तो खिळा दिसायचा. आजपर्यंत माझ्या नावावर काही नव्हतं, पण जे काही होतं ते खरं तरी होतं. काठावर तर काठावर, पण माझे मार्क माझे होते. आता भिंतीवर लागणारी पहिलीच गोष्ट ट्रॅक्टरवरून येणार होती. आईला वाटलं नजर लागली, तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला तो सगळ्यांना.

शेवटी एका रविवारी सकाळी मी मॅडमच्या घरी गेले. त्या अंगणात बसून बुटांना खडू लावत होत्या. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. “मॅडम, आम्ही तीन किलोमीटर ट्रॅक्टरवर बसलो.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. “कुठून?”

“मामाच्या गावच्या बोडीपासून.”

“मामा पाया पडला?”

“दोनदा.”

“मंग कशी नाही बसशील,” त्या म्हणाल्या, आणि मला हुंदकाच फुटला. इतके दिवस मी स्वतःला समजावत होते ते या बाईने एका वाक्यात समजून घेतलं होतं. रडता-रडता मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं तर आम्हाला विचारलं काहून नाही?

“विचारलं असतं तर तुम्हाले खोटं बोला लागलं असतं. मी कायले कोणाले खोटं बोलाले लावू?” मग मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आता त्या चौघींकडे जा. मले सांगितलं म्हणून त्यायलेही सांगून ये. मी सांगणार नाही.”

मॅडमना सांगण्यापेक्षा हे कठीण होतं. तिघी रडल्या, भांडल्या, पण शेवटी निवळल्या. प्रणालीने मात्र दारातच ऐकवलं, “तुह्यं काय जाते? तुले कोणतं मेडल भेटून राहिलं होतं आजवर?” ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मला ते लागलं, कारण ते खरं होतं, आणि तिचं पदक माझ्या मामामुळे जाणार होतं हेही खरं होतं.

मॅडमनी सगळं जसं झालं तसं लिहून नागपूरला कळवलं. दोन दिवसांनी तिथल्या साहेबांचा फोन आला. आम्ही पाचही जणी कार्यालयाच्या दारात उभ्या. मॅडमनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

“म्हणजे मामांनी आग्रह केला, असं लिहू का?” साहेब विचारत होते.

“आग्रह नाही, सर. पाया पडले.”

“कोणाच्या?”

“पोरीच्या.”

“मामा? मुलीच्या?” साहेब बहुधा बाहेरगावचे होते.  “मॅडम, हे मी नियमात कुठे बसवू?”

“बसवू नका. झालं तसं लिहा अन् काय करायचं ते सांगा.”

साहेबांनी सांगितलं की तो भाग मॅडमच्या समोर पुन्हा चाला, नोंदवहीत खरं काय ते लिहा आणि पाठवा. मग समिती विचार करेल. पदक देऊ, असं काही ते म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही मामाच्या गावच्या बोडीवर जमलो. प्रणालीही आली होती, माझ्याकडे पाठ करून उभी होती. इतक्यात मामा आला. ट्रॅक्टर नाही, सायकल नाही, अनवाणी. आईने फोनवर त्याची चांगलीच हजेरी घेतलेली दिसत होती. भाचीचं पदक आपल्यामुळे अडलं, या विचाराने बिचारा अर्धा झाला होता. तो माझ्याकडे येऊन वाकायला लागला तशी मी टुणकन मागे उडी मारली.

“मामाजी, नका पडू पाया. मागच्या खेपेलेच एवढं झालं.”

मामा मॅडमकडे वळला. “मी बी संगं चाललो तर चालते का, मॅडम? भाची पैदल जाईल अन् मी घरी बसीन, हे माह्याच्यानं होत नाही.”

“चालते,” मॅडम म्हणाल्या. “पावलं मोजत चला.”

मामा मोजायला लागला. मोठ्याने, बाजारात पेंढ्या मोजतात तसा. एकशे नव्वदपर्यंत गेला, तिथे समोरून ओळखीचा माणूस आला, त्याच्याशी रामराम झाला आणि आकडा हरवला. पुन्हा एकपासून सुरू. पुन्हा कोणी भेटलं, पुन्हा एक. चौथ्यांदा ‘एक’ आलं तेव्हा मागून कोणीतरी फिसकन हसलं. ती प्रणाली होती. तिने पुढे येऊन माझ्या पिशवीचा एक बंद धरला. पाळ येईपर्यंत तो सोडला नाही. पाळीवर बसून तिने मोत्यासारख्या अक्षरात सगळं खरं लिहिलं. मामाच्या दोन्ही वेळच्या पाया पडण्यासकट. मग मॅडमनी सही केली.

त्यानंतर महिनाभर काही कळलं नाही. मार्चमध्ये एक दिवस मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर पाच नावं वाचली. माझं नाव त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं, कारण पहिल्यांदा मी हललेच नाही. पदक घेताना मला आनंद वगैरे काही झाल्याचं आठवत नाही. पाठीवरचं ओझं उतरवल्यावर माणूस आधी नुसता उभा राहतो, तशी मी उभी होते. 

शाळा सुटल्यावर मॅडमनी नागपूरहून परत आलेली फाईल माझ्या हातात दिली आणि कपाटात ठेवायला सांगितलं. फाईलमध्ये सगळी पत्रं लावलेली होती. सहज वरवर चाळताना एक पत्र दिसलं, मॅडमच्या अक्षरातलं. ‘आमच्या एका गटाची भ्रमंती अजून पूर्ण व्हायची आहे. कृपया महिनाभर मुदत वाढवून द्यावी.’ मी तारीख बघितली. आम्ही शहापूरहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. मी अजून काही सांगितलेलंच नव्हतं तेव्हा.

मी पत्र घेऊन मॅडमकडे गेले. त्या टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा करत होत्या.

“मॅडम, तुम्ही तेव्हाच मुदत मागितली होती?”

“हो.”

“कोणी येऊन सांगंल म्हणून?”

“पाच पोरी होत्या. एक तरी येईल असं धरून चालली होती.”

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालंच. “मी येईन, असं वाटलं होतं तुम्हाले?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणं त्यांना तेव्हाही जमलं नाही.

“नाही वं, पंक्चरवाली,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं होतं, प्रणाली येईल.”

याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण आजवर माझ्याबद्दल ज्यांनी ज्यांनी अंदाज बांधले होते, घरच्यांनी, शाळेने, मीसुद्धा, ते सगळे बरोबर निघाले होते. चुकलेला हा पहिलाच. मला इतकं बरं वाटलं की हसतच बाहेर आले, फाईल ठेवली, पदक मुठीत धरून घरापर्यंत पळत गेले, आणि कपाटाला कुलूप लावायचंच राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी मॅडमची सणसणीत बोलणी खाल्ली.